दामूअण्णांचे पास होणारे आजार

शांताराम बाबूराव गांगुर्डे, लेथवरचा कामगार, राहणार सातपूरची कामगार कॉलनी, याच्यावर अन्याय झाला तो १९८४ सालच्या दसऱ्यानंतरच्या मंगळवारी, सकाळी सव्वासात वाजता. इस्पितळाच्या खाटेला हातपाय बांधलेल्या अवस्थेत तो गेला. त्याला मलेरियावरचं इंजेक्शन दिलेलं होतं. मलेरिया त्याला जन्मात कधी झाला नव्हता.

पत्रक असतं तर एवढं लिहून खाली 'दोषींना शिक्षा झालीच पाहिजे' असं ठोकून मी मोकळी झाले असते. कॉलनीतल्या तरुण मंडळासाठी अशी पत्रकं मी ढिगानं लिहिली आहेत. पण या बाबतीत दोषी शोधायला निघाले की दर वेळी मी एकाच टेबलापाशी जाऊन पोचते, आणि त्या टेबलामागे बसलेल्या माणसाइतका भला माणूस त्या कारखान्याच्या फाटकाआत मी दुसरा पाहिला नाही. म्हणून हे पत्रक नाही. हे दामूअण्णा जोशींबद्दल आहे.

अण्णा कारखान्यात वैद्यकीय बिलांचे कारकून होते. टाइम ऑफिसच्या मागे पत्र्याच्या खोलीत त्यांचं टेबल. पंचवटीतून सातपूरपर्यंत रोज सायकलवर यायचे. कॅरिअरला बिलांची फाईल, फुटक्या ट्यूबनं आवळलेली. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं: निळं कच्च्या कागदाला, काळं पक्क्याला. बिल लिहायच्या आधी ते बाहेरच्या नळावर जाऊन हात धुवायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "आमच्या घरची सवय आहे. वहीला हात लावायचा तर धुऊनच."

त्यांचे दोघे थोरले भाऊ रामकुंडावर यात्रेकरूंचे उपाध्ये. घरात लाल कापडात बांधलेल्या वह्या. कुठल्या गावचा कोण, कोणत्या साली कुणाच्या अस्थी घेऊन आला, त्याचा आजा कोण, पणजा कोण, सगळं लिहिलेलं. लांबचा माणूस येतो, स्वतःच्या पणजोबाचं नाव वाचतो आणि ढसाढसा रडतो. अण्णा सांगायचे, "आमच्या घराण्याचा धंदाच मुळी माणसांची नावं खरी लिहायचा. मी एकटा निघालो आजारांची खोटी लिहिणारा." आणि स्वतःच हसायचे. त्या हसण्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

खोटी का लिहायची, तर कारखान्याचा नियम. औषधपाण्याचा खर्च कारखाना देणार, पण 'मानसिक विकार व मद्यपानापासून उद्भवणारे आजार वगळून'. हे वाक्य अण्णांना मंत्रासारखं पाठ होतं. म्हणजे मशिननं बोट तोडलं तर पैसे मिळणार. त्याच मशिनच्या आवाजानं डोकं फिरलं तर तुमचं तुम्ही बघा. हा नियम कुणी केला? ज्यांच्या घरातलं असलं माणूस मुंबईला नेऊन गुपचूप बरं करता येतं त्यांनी. असो.

अण्णांच्या टेबलाच्या खणात आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात आजारांची यादी. कुठला आजार वरच्या साहेबाकडून पास होतो आणि कुठला नापास, याची.

"कावीळ फर्स्ट क्लास," अण्णा सांगायचे. "टायफॉइडसुद्धा. मलेरियाला तर कुणी विचारतच नाही. संधिवात दोन वर्षं चालतो. डोक्याचं काही लिहिलंत की सपशेल नापास."

कॉलनीचे डॉक्टर अण्णांचे स्नेही. अण्णा सुचवतील ते नाव ते चिठ्ठीवर लिहायचे. दोघांनी कधी कुणाकडून एक पैसा घेतला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण घेतला असता तर मला आज राग धरणं सोपं गेलं असतं.

आणि अण्णा नुसतं बिल लिहीत नव्हते. कुणाला कुठं न्यावं हे लोक त्यांनाच विचारायचे. पेठकडचा एक हेल्पर होता. त्याचा भाऊ रात्रंदिवस बडबडत बसायचा. घरच्यांनी भगताकडं तीन कोंबडे दिले होते, चौथा मागितला होता.

"चौथा देऊ का अण्णा?" त्यानं विचारलं.

"कोंबड्यानं तुझा भाऊ किती बरा झाला?"

"नाय झाला."

"मग चौथा तू खा. अंगात ताकद येईल, त्याला धरून इथं आणायला लागणार आहे." मग आवाज खाली आणून, "लांबच्या सरकारी इस्पितळात टाकायचा विचार आहे का घरात?"

"काका म्हणतो तसं. तिथं फुकट हाय."

"आत घालायला फुकट आहे. बाहेर काढायचा कागद कुणाच्या हातात, ते काकाला आधी विचार. आणि आधी गावातल्या डॉक्टरांना दाखव."

गावातले डॉक्टर म्हणजे मेन रोडच्या बाजूला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर बसणारे मानसोपचाराचे डॉक्टर. त्याच मजल्यावर समोर दातांचे डॉक्टर. जिना एकच. अण्णा प्रत्येकाला बजावून सांगायचे, "जिना चढताना गालाला हात लावा. वर गेल्यावर उजवीकडं वळा." अख्ख्या कारखान्याची माणसं वर्षानुवर्षं गालाला हात लावून तो जिना चढली. खालचा पानवाला एकदा म्हणे म्हणाला होता, "सातपूरच्या लोकांचे दात लय खराब."

माझी आईसुद्धा चढली. धाकटा भाऊ दहा दिवसांचा होऊन गेला, त्यानंतर ती झोपायचीच नाही. भिंतीकडं तोंड करून बसायची. पीठ मळायला घ्यायची आणि हात तसेच परातीत ठेवून तासभर रडायची. बाबा मशिनवर, म्हणून बिल घेऊन मी अण्णांकडं गेले. अकरावीत होते. अण्णांनी कागद बघितला, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "आईला संधिवात आहे. काय आहे?"

"संधिवात."

"शाबास."

दोन वर्षं आईच्या गोळ्या संधिवातावर पास झाल्या. पण कॉलनीत एकाचा कागद दुसऱ्याच्या हाती पडतोच. बायका निरगुडीचा पाला घेऊन यायला लागल्या, गुडघे चोळून द्यायला लागल्या. मग आईला लंगडावं लागलं. नळावर जाताना लंगडायची, विहारात जाताना लंगडायची. घरात आली की सरळ चालायची. एकदा विसरून डाव्याऐवजी उजव्या पायानं लंगडली तर शेजारीण म्हणाली, "अगं बाई, तिकडं पण उतरला का!" आम्ही त्या दिवशी हसून हसून बेजार झालो. भाऊ गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली होती. अण्णांचे उपकार मी नाकारत नाही. त्या गोळ्या मिळाल्या नसत्या तर आई राहिली नसती.

आता शांतारामदादा.

आमच्या लायनीत चौथी खोली त्याची. हातात कसब असं की साहेब लोक कठीण जॉब त्याच्याकडंच द्यायचे. आणि पिणं असं की पगाराच्या दिवशी सुशीलावहिनी फाटकाबाहेर उभी राहायची. मी तेव्हा मंडळाच्या व्यसनमुक्तीच्या पत्रकांची लेखिका. 'दारुड्या बाप, घराचा शाप. लाज धरा, लाज!' हे माझंच लिखाण. आणि हे पत्रक मी माझ्या हातानं, खळ लावून, शांतारामदादाच्या दारावर चिकटवलं होतं. मला फार क्रांतिकारक वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुशीलावहिनी तांब्याभर पाणी घेऊन नखांनी ते खरवडत होती. मी समोरून गेले. ती खाली बघून खरवडत राहिली.

पत्रकानं दारू सुटत नाही. अण्णांना ते माहीत होतं. त्यांनीच वहिनीला समजावलं की हा दवाखान्यात ठेवून सोडवायचा आजार आहे. शांतारामदादाला त्यांनी तीनदा कॉलनीच्या डॉक्टरांकडं भरती केलं. दारू एकदम थांबली की पहिले चार दिवस अंग थरथरतं, घाम फुटतो, नको ते दिसतं; डॉक्टर जागून, औषध देऊन ते दिवस काढायचे. बिलावर काय लिहायचं?

"थरथर कशानं होते?" अण्णांनी विचारलं.

"थंडीतापानं," वहिनी म्हणाली.

"झालं तर. मलेरिया. कसं बरोबर बसतं बघा."

तिन्ही वेळा मलेरिया. कारखान्याच्या वैद्यकीय कार्डावर शिक्का पडला: 'वारंवार मलेरिया'. अण्णांनी वहिनीला दम भरला, "आता कुणीही विचारो, मलेरियाच. एक शब्द हलला तर मागची सगळी बिलं उघडी पडतील. तुमचीच नाही, शंभर घरांची. शांतारामची नोकरी पहिल्यांदा जाईल." त्यात खोटं काहीच नव्हतं. साहेब टपूनच बसले होते.

तिसऱ्या खेपेनंतर दादा आठ महिने प्यायला नाही. मग पुन्हा सुरू. त्या दसऱ्याला, म्हणजे गुरुवारी, तो प्याला. शुक्रवारी सकाळी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या मोठ्या इस्पितळात भरती झाला. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी कार्डावर होतं तेच वाचलं. शनिवारी ऑपरेशन नीट झालं. रविवारी संध्याकाळी हात थरथरायला लागले. सोमवारी सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा दादा चादरीवरचे किडे वेचत होता. चादरीवर एकही किडा नव्हता.

"ए पोरी," मला म्हणाला, "मशिन बंद कर. पट्टा तुटलाय. बंद कर लवकर!"

टाके तुटतील म्हणून त्याला खाटेला बांधलं. डॉक्टर तरुण होते. कार्ड बघून त्यांनी मलेरियाचं औषध सुरू केलं होतं, पण मनात काहीतरी खटकलं असावं, कारण परत आले आणि वहिनीला सरळ विचारलं, "हे पितात का?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं.

हे बघणं मी विसरणार नाही. तिला मी दिसत होते की दारावरचं पत्रक, मला ठाऊक नाही.

"नाय," ती म्हणाली. "मलेरिया हाय त्यांना. नेहमीचा."

डॉक्टर गेले. वहिनीनं मला व्हरांड्यात ओढलं. "हे तेच हाय गं. दवाखान्यात व्हायचं तेच. पण एवढं कधी नव्हतं झालं. जा, अण्णांना विचारून ये. सांगू का म्हणावं? लवकर जा बाई."

सांगू का! नवरा बांधलेला, आणि परवानगी मागायची एका कारकुनाची. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही तोंड असून डॉक्टरांच्या मागे धावले नाही. सायकल मारत सातपूरला गेले. तिथल्या पत्र्याच्या खोलीत अण्णा जेवायला बसले होते. त्यांनी डबा बंद केला. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"कार्ड कुणाकडं आहे?"

"डॉक्टरांकडं."

"ताप आहे?"

"आहे थोडा. अण्णा, सांगू का विचारतेय ती."

त्यांनी खण ओढला, आतल्या यादीकडं बघितलं आणि खण लावला. मग म्हणाले, "वॉर्डात बोलू नका. तिथं दहा कान असतात. मी उद्या सकाळी स्वतः येतो. मोठ्या डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, कागदावर न आणता. तोवर मलेरियाच."

हा निरोप मी आणला. मीच.

अण्णा मंगळवारी सकाळी आले. आठ वाजता, दादा जाऊन पाऊण तास झाल्यावर. इस्त्रीचा शर्ट घालून, मोठ्या डॉक्टरांशी बोलायचं म्हणून. वहिनी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "अण्णा, मी नाय सांगितलं हां कुणाला." कौतुकानं सांगावं तसं.

तरुण डॉक्टरांना मी नंतर गाठलं आणि खरं ते सांगितलं. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "शेवटची कधी घेतली एवढं कळलं असतं तर औषधं वेगळी होती. वाचलेच असते असं म्हणत नाही. पण मी चुकीच्या आजाराशी लढत होतो."

मला वाटलं होतं अण्णा आता रजेवर जातील, आजारी पडतील. ते दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होते. फक्त खणातली यादी त्यांनी पाण्यानं भिजवून खरवडून काढली होती. आणि पहिला माणूस बिल घेऊन आला तेव्हा म्हणाले, "खरं नाव असेल तर लिहितो."

कामगार चिडले. "अण्णा, तुमचं मन हलकं झालं. आमची औषधं कोण देणार?" एकानं तर तोंडावर सांगितलं, "भटजीला आता सोवळं सुचलं." अण्णा नळावर जाऊन हात धुऊन आले आणि त्यांनी पुढचं बिल समोर ओढलं. खरं सांगायचं तर कामगारांचं चूक नव्हतं. काही घरांतल्या गोळ्या बंद झाल्या. पेठच्या हेल्परनं भावाला गावी नेलं. पुढं काय झालं माहीत नाही. आमच्या घरी बाबांनी जादा पाळ्या धरल्या. आईनं लंगडणं सोडलं. नळावर कुणी विचारलं तर म्हणाली, "गुडघ्याचं नव्हतंच कधी. डोक्याचं हाय." चार बायका चार दिवस लांब उभ्या राहिल्या. मग त्यातली एक संध्याकाळी दार लोटून आली आणि हळूच विचारलं, "कुठले डॉक्टर गं?"

महिन्याच्या अखेरीला अण्णांनी स्वतःचं पहिलं बिल टाकलं. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांतलं पहिलं. त्यांच्या पत्नी मालतीबाई आमच्या आईआधीपासून त्या पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं औषध घेत होत्या, हे तेव्हा कळलं. मी विचारलं, "मग इतकी वर्षं बिल का नाही टाकलंत?"

"खोटं लिहावं लागलं असतं."

"आमच्यासाठी लिहिलंत की!"

"दुसऱ्यासाठी लिहिलं तर उपकार. स्वतःसाठी लिहिलं तर चोरी." मग फाईलला ट्यूब आवळत, "असं मी समजत होतो. शांतारामनं मला शिकवलं की पहिलंही काही वेगळं नव्हतं."

आजाराच्या रकान्यात काळ्या पेनानं त्यांनी लिहिलं होतं: तीव्र उदासीनता. बिल 'नियमात बसत नाही' म्हणून परत आलं. पुढच्या महिन्यात पुन्हा टाकलं. पुन्हा परत. निवृत्तीपर्यंत एक महिना चुकला नाही. वरच्या साहेबानं बोलावून विचारलं, "जोशी, नापास होणार हे तुम्हाला माहीत आहे, मग का टाकता?" अण्णा म्हणाले, "साहेब, नाकारल्याचं लेखी मिळतं. आधी नाकारल्याचा कागदच नव्हता. म्हणजे आजारच नव्हता." त्या नकारांची फाईल त्यांनी निवृत्तीच्या दिवशी माझ्या हातात दिली. "पत्रकवाल्या बाई," म्हणाले, "आता हे चिकटवा. पण कामगाराच्या दारावर नको."

अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच जिन्यावर. आईच्या गोळ्या आणायला गेले होते. अण्णा मालतीबाईंचा हात धरून एकेक पायरी चढत होते. खूप वाळले होते. त्यांच्या पुढं एक माणूस, सातपूरच्याच कुठल्या तरी कारखान्याचा गणवेश, गालाला हात लावून चढत होता. अण्णा वर पोचले आणि थांबले.

"दात दुखतोय का हो?"

माणूस दचकला. "हो."

"नसेल दुखत तर हात खाली घ्या. ही युक्ती माझी आहे. वाईट युक्ती आहे."

"तुम्हाला काय करायचंय आजोबा?" माणूस म्हणाला. त्यानं हात काढला नाही. उजवीकडं वळणार होता तो डावीकडं वळला आणि दातांच्या डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसला. अण्णा जिन्याच्या तोंडाशी त्याच्याकडं बघत उभे राहिले. मालतीबाईंनी दोनदा हात ओढला तरी हलेनात.

तो माणूस नंतर उजवीकडं गेला की तसाच घरी परतला, मला माहीत नाही. कदाचित तो तुम्हीच असाल. तुमच्या घरातल्या कुणाच्या तरी कार्डावर मलेरिया, कावीळ, संधिवात असेल आणि खरा आजार दुसराच असेल, तर डॉक्टरांकडं जा आणि काय आहे ते नाव घेऊन सांगा: कसली गोळी चालू आहे, शेवटचं कधी प्यायलाय. मग बिलावर तेच नाव लिहा आणि नाकारलं तर नाकारल्याचं सहीशिक्क्यानिशी मागा. ते कागद घेऊन मंडळात या, अण्णांच्या फाईलवर रचू आणि सगळे मिळून साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटू. पण डॉक्टरांना सांगायचं ते आजच सांगा. उद्या सकाळी म्हणू नका.